चहाच्या पानाचा रंग प्रकाशाने आणि संप्रेरकांनी कसा बदलतो, हे प्रयोगाने कसे तपासावे

चहाच्या एकाच झुडपावर एकाच दिवशी पोपटी, गडद हिरवी, तांबूस आणि काही वाणांत चक्क जांभळी पाने दिसू शकतात. ‘ऊन जास्त झाले’ किंवा ‘खत कमी पडले’ एवढ्या उत्तराने या रंगांचा उलगडा होत नाही. पानात कोणती रंगद्रव्ये किती आहेत, ती कोणत्या वेगाने तयार होतात आणि कोणत्या वेगाने मोडतात, या गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. प्रकाश हा यातला मुख्य सूत्रधार आहे, तर प्रकाशाच्या संदेशाला पानाने किती जोरात प्रतिसाद द्यायचा हे बऱ्याच अंशी संप्रेरके, म्हणजे वनस्पतीची हार्मोन, ठरवतात. म्हणूनच या दोहोंचा परिणाम आधी सुटासुटा आणि मग एकत्र पाहावा लागतो. पुढील मार्गदर्शन वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, रोपवाटिका चालवणारे आणि चहाची मोजकी झाडे हाताशी असलेले जिज्ञासू यांच्यासाठी आहे. बहुतेक भाग साध्या साधनांनी करता येतो, फक्त शेवटच्या मोजणीसाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण कोणता प्रकाश किती शोषते हे मोजणारे यंत्र, लागतो.

रंग कशाचा असतो

चहाच्या पानात रंगद्रव्यांचे तीन गट महत्त्वाचे आहेत. हरितद्रव्य अ आणि हरितद्रव्य ब हरितलवकांत असतात. बीटा-कॅरोटिन, ल्युटिन, व्हायोलाझँथिन यांसारखी पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्येही तिथेच असतात, परंतु हरितद्रव्य भरपूर असेपर्यंत ती डोळ्यांना दिसत नाहीत. तिसरा गट अँथोसायनिनांचा. ही द्रव्ये पाण्यात विरघळणारी असून पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पोकळीत, साठतात आणि पानाला तांबडी ते जांभळी छटा देतात. चहात ती मुख्यतः सायनिडिन व डेल्फिनिडिन यांच्या शर्करायुक्त रूपांत आढळतात.

चहाच्या बाबतीत एक गुंतागुंत जास्तीची आहे. चहाला तुरटपणा देणारी कॅटेचिने आणि अँथोसायनिने एकाच रासायनिक वाटेवरून येतात. फेनिलअॅलॅनिन या अमिनो आम्लापासून सुरू होणारी ही वाट कॅल्कोन सिंथेज या विकरापाशी (एन्झाइमपाशी) फ्लॅव्होनॉइडांकडे वळते आणि पुढे तिला फाटे फुटतात. काही विकरे मधल्या पदार्थांपासून कॅटेचिने घडवतात, तर काही त्यांना शर्करा जोडून अँथोसायनिन म्हणून रिक्तिकेत पाठवतात. हिरव्या पानाच्या वाणांत बहुतांश माल कॅटेचिनांकडे जातो. त्यामुळे पान हिरवे दिसते म्हणून ही वाट बंद आहे असे समजू नये. ती जोरात चालू असते, फक्त शेवटी निघणारा पदार्थ रंगहीन असतो.

हरितद्रव्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या निर्मितीतील एक टप्पा, म्हणजे प्रोटोक्लोरोफिलाइडचे क्लोरोफिलाइडमध्ये रूपांतर, सपुष्प वनस्पतींमध्ये प्रकाशाशिवाय होतच नाही. म्हणून पूर्ण अंधारात फुटलेला कोंब फिकट पिवळा राहतो, तर दाट पण प्रकाश झिरपणाऱ्या सावलीतला कोंब उलट अधिक गडद हिरवा होतो. अंधार आणि सावली यांची गल्लत केली तर पुढचे सगळे निष्कर्ष उलटे येतील.

प्रकाश पानापर्यंत संदेश कसा पोहोचवतो

पान प्रकाशाचे केवळ प्रमाण मोजत नाही, तर त्याचा वर्णपटही वाचते. लाल आणि दूर-लाल प्रकाश फायटोक्रोम नावाची प्रथिने ओळखतात, निळा व अतिनील-अ प्रकाश क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिने ओळखतात आणि २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील-ब किरणांसाठी यूव्हीआर८ हे स्वतंत्र प्रथिन असते. या सर्वांचे संदेश एका जोडीपाशी एकत्र येतात. एचवाय५ हे प्रथिन रंगद्रव्यांची जनुके चालू करणारे आहे, तर कॉप१ हे प्रथिन अंधारात एचवाय५ला मोडीत काढायला पाठवते. प्रकाश पडला की कॉप१ निष्प्रभ होते, एचवाय५ साठते आणि कॅल्कोन सिंथेजसारखी जनुके जागी होतात. अँथोसायनिनाच्या शेवटच्या टप्प्यांची सूत्रे मात्र एमवायबी, बीएचएलएच आणि डब्ल्यूडी४० या तीन प्रथिनांच्या संयुक्त गटाकडे असतात. जांभळ्या पानांच्या वाणांत या गटातील एमवायबी प्रथिन विशेष सक्रिय असते.

उन्हात अँथोसायनिन वाढण्यामागे झाडाचा व्यवहारही सरळ आहे. कोवळ्या पानाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा पुरती उभी राहिलेली नसते, त्यामुळे तिला प्रखर उजेड झेपत नाही. अँथोसायनिन हिरव्या-निळ्या भागातला काही प्रकाश वरच्यावर शोषून घेते. पान जून होत गेले, हरितलवके तयार झाली, की ही गरज कमी होते आणि जांभळी छटा ओसरते.

सावलीत यांपैकी बऱ्याच गोष्टी उलट दिशेने जातात. हरितद्रव्य वाढते, त्यात ब प्रकाराचा वाटा वाढल्याने अ आणि ब यांचे गुणोत्तर घटते, अँथोसायनिन व कॅटेचिने कमी होतात आणि थिअनिन हे अमिनो आम्ल टिकून राहते. जपानमध्ये ग्योकुरो चहासाठी खुडणीपूर्वी सुमारे २० दिवस मळा झाकतात, तो याच परिणामासाठी. माचा या जपानी चहाची गडद हिरवी भुकटीही झाकलेल्या झुडपांच्या पानांचीच असते.

झाडे कोणती निवडावीत

ज्या वाणात रंग बदलण्याची क्षमताच कमी आहे त्यावर कितीही प्रयोग केले तरी हाती फारसे लागत नाही. अँथोसायनिन अभ्यासायचे असेल तर जांभळ्या कोंबाचे झाड घ्यावे. चीनच्या युनान प्रांतातील ‘झीजुआन’ आणि केनियात २०११ मध्ये लागवडीसाठी दिलेला ‘टीआरएफके ३०६’ हे यांतले प्रसिद्ध वाण आहेत, मात्र प्रयोगासाठी तेच हवेत असे नाही. बियांपासून वाढलेल्या जुन्या झुडपांतही तांबूस कोंबाची झाडे हमखास सापडतात आणि ती पुरेशी आहेत.

हरितद्रव्य व कॅरोटिनॉइड यांचा खेळ पाहायचा असेल तर पिवळ्या पानांचे वाण उत्तम. त्यांत दोन जाती ओळखाव्या लागतात. ‘हुआंगजिन्या’सारखे वाण प्रकाशाला संवेदनशील असतात, म्हणजे उन्हात पिवळे आणि सावलीत हिरवे. ‘आंजी बायचा’सारखे वाण तापमानाला संवेदनशील असतात. वसंतातील थंडीत त्यांचे कोंब पांढुरके निघतात आणि ऊब वाढली की हिरवे होतात. दुसऱ्या जातीच्या झाडावर सावलीचा प्रयोग करून ‘परिणाम झाला नाही’ असा निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे, कारण तिथे खरा कळीचा घटक तापमान असतो.

शक्यतो एकाच मातृवृक्षाच्या कलमांपासून तयार केलेली रोपे वापरावीत. बियांची रोपे जनुकीयदृष्ट्या वेगवेगळी असतात आणि दोन शेजारच्या रोपांतला स्वाभाविक फरक हा प्रकाशाच्या परिणामापेक्षा मोठा असू शकतो. प्रत्येक उपचारासाठी, म्हणजे सावली किंवा फवारणी अशा प्रत्येक बदलासाठी, किमान पाच-सहा झाडे असावीत आणि कोणत्या झाडाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. ओळीतली पहिली सहा सावलीत आणि पुढची सहा उन्हात असे केल्यास जमिनीतला फरकच मोजला जाण्याची शक्यता असते.

आधी इतर कारणे बाजूला काढावीत

पान पिवळे किंवा तांबडे पडण्याची कारणे प्रकाशाखेरीज अनेक असतात. मॅग्नेशियम कमी पडले तर जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा होतो. लोह मिळत नसेल तर नवी पाने पिवळी येतात. चहाला आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५ सामूची (पीएचची) माती लागते, म्हणून चुना जास्त झालेल्या जमिनीत लोहाचा हा प्रश्न वारंवार दिसतो. नत्र किंवा स्फुरद यांचा तुटवडा अँथोसायनिन वाढवतो. मोडलेल्या वा सालीला इजा झालेल्या फांदीत तयार झालेली साखर खाली उतरत नाही, आणि साचलेली साखर स्वतःच अँथोसायनिनाची जनुके चेतवते, म्हणून अशा फांदीची पाने लालसर दिसतात. कोळी किडीच्या प्रादुर्भावाने येणारा तांबूसपणा भिंगाखाली लगेच ओळखू येतो. प्रयोगापूर्वी मातीचा सामू तपासावा, सर्व झाडांना सारखे खत व पाणी द्यावे आणि दुखापत झालेल्या फांद्या निवडीतून वगळाव्यात.

तरीही सर्वांत मोठी फसगत पानाच्या वयामुळे होते. चहाच्या कोंबात कळी, पहिले पान, दुसरे पान आणि तिसरे पान यांचे रंग मुळातच वेगळे असतात. उन्हातल्या झाडाचे दुसरे पान आणि सावलीतल्या झाडाचे तिसरे पान यांची तुलना केली तर दिसणारा फरक वयाचा असतो, प्रकाशाचा नव्हे. कळी फुगू लागताच त्या डहाळीला रंगीत दोरा बांधावा, तारीख लिहावी आणि नमुना घेताना नेहमी त्याच क्रमांकाचे पान घ्यावे. माझ्या मते ही एकच शिस्त पाळली तरी घरगुती प्रयोगांतील निम्मे गोंधळ टळतात. सर्व झाडांची हलकी छाटणी एकाच दिवशी केली तर कोंबही जवळपास एकाच वेळी फुटतात, त्यामुळे हे काम आणखी सोपे होते.

प्रकाशाचे प्रयोग

सर्वांत सोपा प्रयोग शेडनेटचा. काळ्या जाळीचे तीन प्रकार घ्यावेत, साधारण ५०, ७५ आणि ९० टक्के सावली देणारे, आणि चौथा गट उघडा ठेवावा. जाळी झाडाला टेकू देऊ नये. वर आणि बाजूंनी हवा खेळेल अशी चौकट उभी करून त्यावर ती ताणावी. जाळीवर छापलेल्या टक्क्यांवर विसंबू नये. भरदुपारी जाळीच्या आत व बाहेर प्रकाशमापकाने एकापाठोपाठ एक मोजणी करून खरा टक्का काढावा. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारे यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर लक्स मोजणारे साधे यंत्रही एकाच रंगाच्या जाळ्यांची आपापसांत तुलना करायला चालते. कळ्या फुगल्यापासून दोन ते तीन आठवडे सावली ठेवावी. जाळीखाली दुपारचे तापमानही कमी असते, म्हणून प्रत्येक गटात एक तापमापक टांगून रोजची नोंद करावी.

काळी जाळी प्रकाशाचे प्रमाण घटवते, पण त्याचा वर्णपट फारसा बदलत नाही. मोठ्या झाडाच्या पानांखालची सावली तशी नसते. पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि दूर-लाल खाली जाऊ देतात, त्यामुळे तिथे वाढणाऱ्या चहाच्या फायटोक्रोमांना निराळा संदेश मिळतो. म्हणून शेडनेटखालचे निष्कर्ष सावलीच्या झाडांखालच्या मळ्याला जसेच्या तसे लावू नयेत.

दुसरा प्रयोग एकाच पानावर करण्याचा, आणि तो मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो. जांभळ्या वाणाचे पहिले पान उलगडू लागले की त्याच्या अर्ध्या भागावर अॅल्युमिनियमच्या पातळ वर्खाची घडी अलगद चढवावी. कडा दाबू नयेत, नाहीतर इजेमुळेच तिथे रंग चढतो. दुसऱ्या एका पानावर तशीच घडी पारदर्शक प्लास्टिकची चढवावी, म्हणजे झाकल्याने होणारी उष्णता व ओलावा यांचा परिणाम वेगळा काढता येतो. आठ-दहा दिवसांनी वर्ख काढला की झाकलेल्या आणि उघड्या भागांमधली रेषा बहुधा ठळक दिसते. वय, पोषण, संप्रेरकांचा पुरवठा हे सगळे दोन्ही अर्ध्या भागांना सारखेच मिळालेले असते. म्हणून रंग फक्त उघड्या भागात चढला असेल तर प्रकाशाचा परिणाम त्या-त्या पेशींवर जागच्या जागी होतो, असे म्हणायला भक्कम आधार मिळतो.

अतिनील-ब किरणांचा वाटा शोधायला दिव्याची गरज नाही, आणि डोळ्यांच्या व त्वचेच्या सुरक्षिततेचा विचार करता दिवा टाळलेलाच बरा. पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म अतिनील-ब अडवते, सेल्युलोज अॅसिटेटची फिल्म ते बऱ्याच प्रमाणात जाऊ देते, आणि दृश्य प्रकाश दोन्हींतून सारखाच जातो. दोन चौकटींवर या दोन फिल्म ताणून त्यांखाली झाडे ठेवली की सूर्यप्रकाशातच तुलना करता येते. अॅसिटेट उन्हाने ठिसूळ व धूसर होते, म्हणून ते दर थोड्या दिवसांनी बदलावे. काचघरातून बाहेर आणलेली रोपे पहिल्या दिवसांत करपल्यासारखी तांबूस होतात त्यामागेही हाच धागा असतो, कारण काच अतिनील-ब अडवते आणि त्या पानांत संरक्षक द्रव्ये साठलेलीच नसतात.

संप्रेरके काय करतात

संप्रेरकांच्या कामाची साखळी मुख्यतः अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या आवडत्या वनस्पतीत उलगडली गेली. जॅस्मोनेट हे अँथोसायनिनाला सर्वांत थेट चालना देणारे संप्रेरक आहे. एरवी जॅझ नावाची प्रथिने एमवायबी व बीएचएलएच यांना धरून ठेवतात. जॅस्मोनेट आले की जॅझ मोडली जातात आणि हा गट मोकळा होतो. पानाला किडीने कुरतडल्यावर रंग चढतो, त्यात याच संप्रेरकाचा हात असतो. जिबरेलिन उलट दिशेने काम करते. ते डेला प्रथिने नष्ट करते, आणि डेला ही जॅझला अडवून अप्रत्यक्षपणे अँथोसायनिनाला मदत करणारी असल्यामुळे जिबरेलिन वाढले की जांभळेपणा घटतो. अॅब्सिसिक आम्ल हा कोरड्या ताणाचा संदेश आहे. तो सहसा अँथोसायनिन वाढवतो आणि पिकल्या पानात हरितद्रव्य मोडण्यास गती देतो. सायटोकायनिन हरितलवकांच्या वाढीला हातभार लावते आणि पान पिवळे पडणे लांबवते. इथिलिन पिवळेपणा व पानगळ घडवते. ऑक्झिनचे प्रमाण जास्त असेल तर अँथोसायनिन सहसा दबते.

रंगद्रव्ये आणि संप्रेरके यांचे नाते याहून जवळचे आहे. हरितद्रव्याची लांब शेपटी, कॅरोटिनॉइडे आणि जिबरेलिने ही तिन्ही जेरॅनिलजेरॅनिल डायफॉस्फेट या एकाच पूर्वद्रव्यापासून बनतात. अॅब्सिसिक आम्ल तर कॅरोटिनॉइडे तोडूनच तयार होते. त्यामुळे पिवळ्या वाणात कॅरोटिनॉइडांची घडण बदललेली असेल, तर संप्रेरकांचे गणितही बदललेले असण्याचा विचार करावा लागतो. फवारणीचा परिणाम हिरव्या आणि पिवळ्या वाणात सारखाच येईल असे गृहीत धरू नये.

फवारणी कशी करावी

सुरुवातीला १०० मायक्रोमोलर तीव्रता घ्यावी. ती एक लिटर पाण्यात अॅब्सिसिक आम्लाचे सुमारे २६.४ मिलिग्रॅम, मिथाइल जॅस्मोनेटचे २२.४ मिलिग्रॅम, जिबरेलिक आम्लाचे ३४.६ मिलिग्रॅम आणि बेंझिलअॅडेनिन या सायटोकायनिनाचे २२.५ मिलिग्रॅम इतकी भरते. पहिली तीन द्रव्ये थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळावीत. बेंझिलअॅडेनिन आधी सौम्य कॉस्टिक सोड्याच्या काही थेंबांत विरघळते. चहाच्या पानाचा वरचा पृष्ठभाग मेणचट असल्यामुळे द्रावण ओघळून जाते, म्हणून ट्वीन-२० हे द्रावण पानावर पसरवणारे द्रव्य ०.०५ टक्के मिसळावे. पर्णरंध्रे चहाच्या पानाच्या खालच्या बाजूलाच असतात, त्यामुळे फवारा खालूनही मारावा. वेळ संध्याकाळची निवडावी, कारण दुपारी थेंब लगेच सुकतात आणि अॅब्सिसिक आम्लासारखी द्रव्ये प्रकाशात लवकर निकामी होतात.

तुलनेच्या गटावर नुसते पाणी फवारू नये. संप्रेरक सोडून बाकी सर्व, म्हणजे तितकेच इथेनॉल, तितकाच सोडा आणि तितकेच ट्वीन असलेले द्रावण फवारावे. ट्वीनचे प्रमाण थोडे चुकले तरी कोवळ्या पानाच्या कडा करपतात, आणि करपलेली कड ही दिसायला अँथोसायनिनासारखीच लालसर असते.

मिथाइल जॅस्मोनेट हवेत उडते आणि शेजारच्या झाडांनाही त्याची वाफ पोहोचते. त्याचा गट बाकीच्या झाडांपासून बराच दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा. इथिलिन देण्यासाठी वापरले जाणारे इथेफॉनही पानात गेल्यावर वायू सोडते, म्हणून त्यालाही हाच नियम लागू होतो. फवारलेल्या झाडांची पाने प्रयोग संपल्यावरही पिण्यासाठी वापरू नयेत. त्या झाडांना स्पष्ट खुणा लावाव्यात.

दोन्ही एकत्र तपासणे

प्रकाश आणि संप्रेरक यांचे खरे नाते चार गटांच्या मांडणीत कळते: उघड्यावर विनासंप्रेरक, उघड्यावर संप्रेरकासह, सावलीत विनासंप्रेरक आणि सावलीत संप्रेरकासह. उदाहरण म्हणून जांभळ्या वाणावर मिथाइल जॅस्मोनेट घ्यावे. उघड्यावर फवारल्याने जांभळेपणा वाढला आणि सावलीतही तितकाच वाढला, तर दोन्ही घटक आपापल्या परीने काम करतात असे समजावे. उघड्यावर वाढला पण सावलीत काहीच झाले नाही, तर पुरेशा प्रकाशाखेरीज जॅस्मोनेटचा संदेश पुढे जात नाही, असा अर्थ निघतो. उलट जिबरेलिन फवारल्याने उन्हातल्या पानाचा रंग सावलीतल्या पानासारखा होत गेला, तर सावलीचा काही भाग तरी जिबरेलिनाच्या वाटेने चालतो का, हा पुढचा प्रश्न विचारता येतो. एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही, कारण जिबरेलिनाने पान लवकर ताणले जाते आणि तेच अँथोसायनिन मोठ्या पृष्ठभागावर पसरून फिकट दिसू शकते.

नमुना आणि मोजणी

नमुने नेहमी दिवसाच्या एकाच वेळी घ्यावेत, कारण पानातली साखर आणि जनुकांची लय दिवसभर बदलत असते. पान तोडल्यापासून घाई करावी लागते. चहात पॉलिफिनॉल भरपूर असल्याने ठेचलेले पान काही मिनिटांतच तपकिरी पडते. पाने तोडताच बर्फावर ठेवावीत आणि लगेच वापरायची नसतील तर गोठवावीत.

हरितद्रव्य व कॅरोटिनॉइडांसाठी मधली शीर वगळून ०.१ ग्रॅम पान बारीक पट्ट्यांत कापावे आणि १० मिलिलिटर ८० टक्के अॅसिटोनमध्ये घट्ट झाकणाच्या नळीत, अंधारात व थंडीत, पट्ट्या पांढऱ्या पडेपर्यंत ठेवावे. द्रावणात चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट घालावे, कारण चहाच्या रसातील आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि ऑलिव्हसारखा मळकट रंग येतो. गाळलेल्या द्रावणाचे शोषण ६६३.२, ६४६.८ आणि ४७० नॅनोमीटरला मोजावे. मग प्रति मिलिलिटर मायक्रोग्रॅममध्ये:

हरितद्रव्य अ = १२.२५ × (६६३.२ चे शोषण) − २.७९ × (६४६.८ चे शोषण)

हरितद्रव्य ब = २१.५० × (६४६.८ चे शोषण) − ५.१० × (६६३.२ चे शोषण)

एकूण कॅरोटिनॉइड = [१००० × (४७० चे शोषण) − १.८२ × हरितद्रव्य अ − ८५.०२ × हरितद्रव्य ब] ÷ १९८

येणाऱ्या आकड्याला द्रावणाच्या मिलिलिटरांनी गुणून पानाच्या वजनाने भागले की प्रति ग्रॅम प्रमाण मिळते. शोषण ०.८ च्या वर गेले तर द्रावण पातळ करून पुन्हा मोजावे.

अँथोसायनिनासाठी तितकेच पान १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये रात्रभर थंडीत ठेवावे. मिथेनॉल विषारी आहे, म्हणून हातमोजे घालावेत आणि काम हवेशीर जागी करावे. शोषण ५३० आणि ६५७ नॅनोमीटरला मोजून पहिल्यातून दुसऱ्याचा पाव भाग वजा करावा. ही वजाबाकी केली नाही तर सावलीतल्या गडद हिरव्या पानातही खोटे अँथोसायनिन दिसते, कारण हरितद्रव्याचे आम्लात बदललेले रूप ५३० नॅनोमीटरलाही थोडे शोषते.

यंत्र नसेल तर एक साधी ओळख करता येते. पान उकळून गाळलेल्या पाण्याचे तीन वाटे करावेत, एकात लिंबाचा रस, एकात खाण्याचा सोडा घालावा, तिसरा तसाच ठेवावा. आम्लात तांबडे आणि सोड्यात हिरवट असे दोन रंग दिसले तर अँथोसायनिन आहे. सोड्याने नुसता पिवळेपणा किंवा तपकिरी रंग आला तर तो इतर फ्लॅव्होनॉइडांचा व पॉलिफिनॉलांचा असतो. छायाचित्रे घ्यायची असतील तर प्रत्येक चित्रात तेच राखाडी कार्ड ठेवावे आणि ढगाळ उजेडात काढावीत, कारण कॅमेरा पांढऱ्या रंगाचा समतोल आपल्या मनाने बदलतो.

आकडे वाचताना

पहिला आकडा हरितद्रव्य अ आणि ब यांच्या गुणोत्तराचा पाहावा. उन्हातल्या पानात ते साधारणपणे तीनच्या आसपास असते आणि सावलीत खाली येते. एकूण हरितद्रव्य वाढले पण गुणोत्तर जागचे हलले नाही, तर पान खरोखर सावलीला जुळवून घेत आहे की केवळ नत्र जास्त मिळाल्याने गडद झाले आहे, याची शंका घ्यावी. पिवळ्या वाणात कॅरोटिनॉइड आणि हरितद्रव्य यांचे गुणोत्तर अधिक उपयोगी पडते. पान हिरवे झाले तेव्हा कॅरोटिनॉइड घटले की हरितद्रव्य वाढले, हे मात्र त्या गुणोत्तरासोबत दोन्हींचे वेगळे आकडे पाहिल्यावरच कळते.

दुसरी खबरदारी मोजमापाच्या एककाची आहे. सावलीतले पान पातळ, मोठे आणि अधिक पाणीदार असते. प्रति ग्रॅम सुक्या वजनावर त्यातील हरितद्रव्य पुष्कळ वाढलेले दिसते, पण प्रति चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर तोच फरक फारच लहान निघू शकतो. जांभळ्या पानात अँथोसायनिन प्रति ग्रॅम घटले, पण पान दुप्पट मोठे झाले असेल, तर पूर्ण पानातील एकूण अँथोसायनिन कमी झालेच नाही असेही होऊ शकते. म्हणून प्रत्येक नमुन्याचे ओले वजन, सुके वजन आणि आलेख-कागदावर रेखाटून काढलेले क्षेत्रफळ या तीन नोंदी ठेवाव्यात. शेवटचा हिशेब प्रति वजन, प्रति क्षेत्र आणि प्रति पान असा तिन्ही प्रकारे मांडावा. रंगद्रव्य खरोखर कमी झाले की केवळ विरळ झाले, हे या तिन्ही आकड्यांची दिशा जुळते की नाही यावरून ठरते.